उलटी चढवलेली एमजी आणि वळवाचा पाऊस

"चालूही होत नाही आणि ढकलली तर हलतही नाही." दादाचं फोनवरचं पहिलं वाक्य हेच. तीन दिवसांपूर्वी हीच गाडी कोल्हापुरात स्वतःच्या इंजिनावर ट्रेलरवर चढली होती. त्यानंतर ती कोणी चालवली नव्हती. दोनशे तीस किलोमीटर ट्रेलरवर बसून आली, एका पावसात सापडली आणि इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. गाडी बिघडायला एवढं पुरलं.

गाडी १९५१ची एमजी टीडी. दोन माणसांची, उघडी, १२५० सीसीची. टप कापडी. दारांना काचा नाहीत, त्याऐवजी हाताने अडकवायचे साइड कर्टन. पत्रा लोखंडी, पण त्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा. पायाखाली प्लायवूडच्या फळ्या. म्हणजे पाणी आत गेलं तर पत्र्याआधी लाकडाला लागतं, आणि लाकडाचं दुखणं दिसायला वर्षं जातात. टप खाली पाडला की बसायच्या जागेवर एक सपाट कापड ताणतात, त्याला टोनो म्हणतात. मधोमध चेन, कडेला टिचबटणं. गाडी मामांची. इंजिनाच्या रिंगा बदलायच्या म्हणून पुण्याला आणायची होती. स्वतः चालवत आणायचा प्रश्नच नव्हता, कारण धूर इतका की मागच्या माणसाला नंबरप्लेट दिसत नसे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दुमजली वाडा, पुढे अरुंद बोळ, दाराच्या एका अंगाला विजेचा खांब. गाडी वाड्यात तोंड आत करून उभी असायची. मागे घेत बाहेर काढली की खांबामुळे ती एकाच बाजूला वळू शकते, आणि तसं वळल्यावर तिचं शेपूट ट्रेलरच्या उताराकडे आलं. ट्रेलर बोळात उलटा फिरवणं अशक्य. ट्रेलरवाला म्हणाला, "साहेब, रिव्हर्समध्ये चढवू की. चार चाकं वर गेली म्हणजे झालं. गाडीला काय कळतंय कुठं तोंड हाय ते."

गाडीला कळतं. या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे, पण तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मीही तिथे असतो तर कदाचित मान डोलावली असती.

चढवण्यात दोन तास गेले. टप पाडून टोनो लावला, समोरची काच उभीच ठेवली, हँडब्रेक ओढला, चाकांना दोन-दोन पट्टे मारले. वरून पंधरा बाय बाराची निळी ताडपत्री टाकून नायलॉनच्या दोरीने आवळली. ट्रेलर ओढणारी बोलेरो निघाली तेव्हा दीड वाजला होता. वळवाच्या दिवसांत ही वेळ चुकीचीच. सकाळभर जमीन तापते, दुपारी ढग उभे राहतात आणि चारच्या सुमाराला वारा सुटतो. त्या आठवड्यात कोल्हापूरहून पुण्याला उघडं काही न्यायचं तर सहाला निघून अकराच्या आत पोचायला हवं होतं.

किणीच्या टोलनाक्याआधीच ताडपत्री फुगली. थांबून पुन्हा आवळली. पेठनाक्याच्या आसपास एका कोपऱ्याची कडी उपटली गेली आणि तो कोपरा फटाफट आपटू लागला. ड्रायव्हरने तो दोरीनेच मुरगळून बांधला. रस्ता सहापदरी करायचं काम चालू, त्यामुळे मध्येच सर्व्हिस रोड, मध्येच मातीचा वळसा. तासवडे ओलांडून उंब्रजच्या अलीकडे साडेचारला पाऊस आला. आधी धूळ, मग वारा, मग आडवा पाऊस. पाऊण तास. पेट्रोल पंपाच्या छपराखाली दुचाकीवाल्यांनी जागा धरलेली, तिथे ट्रेलर कुठला मावतोय. चालतच राहिले. रात्री नऊला पुणे. गाडी उतरवताना चालू झाली नाही म्हणून उतारावरून ढकलत पार्किंगमध्ये नेली, हँडब्रेक पुन्हा ओढला, ताडपत्री पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी दादा लग्नासाठी नाशिकला गेला, आणि परतल्यावर त्याचा तो फोन आला.

तिसऱ्या दिवशी मी ताडपत्री उचलली तेव्हा आधी वास आला. ओल्या गोणपाटाचा. टोनो सीटच्या खड्ड्यात लोंबत होता. त्यात बादलीभर पाणी साठलेलं आणि पाण्यावर लिंबाची तीन पानं. टोनोच्या मागच्या कडेची सातांपैकी चार टिचबटणं सुटलेली, एक तर कापडाचा तुकडा तोंडात धरून गाडीलाच चिकटून राहिलेलं. सीटच्या चामड्यावर शिवणीच्या कडेने बुरशीची पांढरट रेघ. समोरची काच चार बोटं पुढे झुकलेली. डाव्या मागच्या मडगार्डवर तळहाताएवढा भाग निस्तेज झालेला, आणि त्याच्या शेजारी नखाच्या आकाराच्या अर्धचंद्रांची ओळच्या ओळ. जिथे दोरी घासली तिथे रंग निस्तेज झाला होता, आणि ताडपत्रीची पितळी कडी वाऱ्यावर आपटत होती तिथे ते अर्धचंद्र उमटले होते. बॉनेट उघडलं तर इंजिनावर सगळीकडे लाल मातीचा थर. पाणी सुकलं होतं, माती राहिली होती. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढली, आत थेंब. सायलेन्सरच्या नळीचं टोक खाली करून हलवलं तर गंजाचं पाणी अर्धा पेला निघालं.

पाऊस तर सगळ्याच गाड्यांवर पडतो. तेवढ्याने एवढं व्हायचं कारण काय, हे शोधायला मी गाडीच्या पुढे नाही, मागे जाऊन उभा राहिलो. जिकडून वारा आला तिकडे. आणि तिथून पाहिल्यावर सगळं उलगडत गेलं.

मंगलोरी कौलांचं छप्पर आठवा. वरचं कौल खालच्यावर चढलेलं, म्हणून पाणी घरंगळून जातं. तेच कौल उलटं लावा, प्रत्येक सांधा पाण्याला आत घेईल. उघडी गाडी तशीच बांधलेली असते. तिचा प्रत्येक सांधा, प्रत्येक घडी, प्रत्येक भोक हे धरून चालतं की वारा समोरून येणार. टीडीच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पत्र्यात उभ्या झडपा कापलेल्या आहेत, त्यांची तोंडं मागे. गाडी पुढे जाते तेव्हा वारा त्यांच्यावरून सरकत जातो आणि इंजिनाची गरम हवा बाहेर ओढतो. गाडी उलटी नेली की त्याच झडपा पन्हळीसारख्या होतात. सत्तरच्या वेगाने येणारा पाऊस दोन्ही बाजूंनी थेट कॉइलवर, डिस्ट्रिब्युटरवर. माती तिथूनच आली होती.

काचेचं तसंच. ही काच खालच्या बिजागरीवर पुढे आडवी पाडता येते, जुन्या काळी शर्यतीची हौस असायची म्हणून. नेहमीच्या धावेत वारा तिला मागे दाबून धरतो आणि ती आपल्या आधाराला टेकून राहते. उलट्या गाडीत वारा तिला पाठीत मारतो, म्हणजे ज्या दिशेला ती पडायचीच त्या दिशेला. तिथे धरणारे फक्त दोन फिरकीचे नट. एक ढिला झाला होता. आणखी पन्नास किलोमीटर असते तर काच बॉनेटवर आपटली असती, आणि हे प्रकरण मी इतक्या शांतपणे लिहिलं नसतं. सायलेन्सरची नळीही तोंड वासून पावसाकडे बघत होती.

टोनोची मागची कड म्हणजे खरं तर झाकणाचं शेपूट. तिथे बटणं लांब-लांब असतात, कारण सहसा तिथे वारा लागत नाही. उलटी गाडी असली की तीच कड वाऱ्याच्या तोंडावर येते, दोन बटणांमधली फट ओठासारखी उघडते आणि कापड आतून फुगतं. किती जोराने, याचा अंदाज साधा आहे. ताशी ६० किलोमीटरला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका भरतो, ८०ला ३०. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात वळवाचा ३० किलोमीटरचा समोरचा वारा मिळवा, म्हणजे कापडाच्या लेखी वेग ११०, आणि दाब ५७ किलोच्या घरात. टोनो सव्वा चौरस मीटरचा धरला तर सत्तर किलोचा माणूस आतून उठायला बघतोय आणि त्याला धरायला सात टिचबटणं. ताडपत्री तर सोळा-सतरा चौरस मीटरची. तिचा चौथा भाग फुगला तरी दोनशे किलोच्या वर ओढ, ती दोरीवर, आणि दोरी मडगार्डच्या काठावर.

ताडपत्रीबद्दल माझं मत आधीही वाईट होतं, आता ते पक्कं झालं. उभ्या गाडीवर ताडपत्री ठीक. पळत्या गाडीवर ती घट्ट कधीच राहत नाही, आणि जी ढिली आहे ती घासते. खाली धूळ असतेच, मग ताडपत्रीचा पॉलिश पेपर होतो. रंगाचं संरक्षण म्हणून घातलेल्या वस्तूने रंगाचं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या पाऊण तासाच्या पावसाने केलं नसतं. रंगाला पावसाचं काय होतंय? धुतली की झालं. ओलं व्हायला नको ते सीट, लाकूड आणि विजेचं सामान, आणि नेमकं तेच ओलं झालं.

खालूनही पाणी आलं, हे दादाला पटायला वेळ लागला. ट्रेलरला मधोमध चेकर प्लेट नाही, चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि मध्ये मोकळं. बोलेरोच्या मागच्या चाकांचा आणि ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांचा फवारा सरळ गाडीच्या पोटावर. प्लायवूडच्या फळ्यांच्या फटी, पेडलची भोकं, गिअरबॉक्सवरचं झाकण, सगळीकडून. गालिच्याचा वरचा भाग जेवढा ओला होता त्याहून खालचा जास्त. वरून आलेलं पाणी असतं तर उलट असतं.

आणि न हलणारी चाकं. ड्रम ब्रेक ओले झाले, ट्रेलरवर चाकं फिरत नाहीत म्हणून सुकायची संधी नाही, वर हँडब्रेक ओढलेला. ओला लायनर ओल्या बिडाला दाबून तीन दिवस ठेवला की मधल्या गंजाने दोघं एकमेकांना धरतात. मागची दोन्ही चाकं जाम होती. ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने फिरत फिरत ठोकलं. उजवं "टक्" करून सुटलं, डाव्याला अर्धा तास लागला. पट्टे आणि ठोकळे असताना ट्रेलरवर हँडब्रेकची गरज नव्हती. गिअरमध्ये ठेवली असती तरी भागलं असतं.

पण सगळ्यात मोठं नुकसान रस्त्यावर झालंच नाही, ते पार्किंगमध्ये झालं. ओली गाडी प्लास्टिकखाली, तळघरात, वारा नाही. त्याच रात्री टोनो उघडून, पाणी काढून, सीट आणि गालिचा बाहेर ठेवून एक टेबल फॅन लावला असता तर बुरशी आलीच नसती. दादाने प्रेमाने पांघरूण घातलं. दमलेला माणूस रात्री नऊला दुसरं काय करणार? मी त्याला फार बोललो नाही. थोडं बोललो.

दुरुस्तीचं थोडक्यात. डिस्ट्रिब्युटर कॅप पुसून सुकवली, पॉइंट घासले, गाडी चालू झाली. सीटचं चामडं सौम्य साबणाने पुसून सावलीत चार दिवस. फळ्या काढून उन्हात, ॲशच्या सांगाड्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं, कुठे मऊ लागलं नाही. मडगार्डची निस्तेज जागा पॉलिशने निघाली, अर्धचंद्र मात्र निघाले नाहीत. ते आहेत अजून. टोनो नाना पेठेतल्या एका कुशनवाल्या चाचांकडे दिला. त्यांनी फाटलेल्या जागी आतून चामड्याची चकती घालून बटणं बसवली आणि मागच्या कडेला दोन बटणं वाढवली.

सप्टेंबरात रिंगा बसवून गाडी परत न्यायची वेळ आली. आता धूर नव्हता, चालवत नेता आली असती, पण मामांचा आग्रह ट्रेलरचाच. कागदांचाही प्रश्न होता. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण अशी नोंद असली की ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. आमची नोंद त्या वाटेवर होती, उगाच वाद नको.

या वेळी गाडी मोकळ्या मैदानात चढवली, तोंड पुढे. टप वर लावायचा की पाडायचा यावर चाचांचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, टप आहे कशाला मग? सरळ दिशेने तो साठचा वारा सोसतो, त्यासाठीच शिवलाय. हे बरोबर आहे. पण गाडी चालवताना टपाची फडफड ऐकणारा माणूस आत असतो. ट्रेलरवर कोणी नसतं. शिवाय बोलेरोच्या पाठीमागे हवा सरळ नसते, ती गोल गोल फिरत धक्के देते. टप पाडला. चाचा बघत राहिले, बोलले काही नाहीत.

टोनोखाली दोन्ही सीटवर रिक्षाची एक-एक ट्यूब हवा भरून ठेवली, वर जुन्या चादरीचा बोळा. टोनोला मधोमध पाठ आली. पाणी साठायला खड्डाच उरला नाही. त्यावर रेग्झिनचा एक पट्टा, काचेच्या खालच्या कडेपासून मागच्या स्पेअर चाकापर्यंत, पुढची कड वाऱ्याखाली न येता दाबून बसेल असा. खाली फ्लॅनेल. तो गाडीला न बांधता रुंद सपाट पट्ट्यांनी ट्रेलरच्या चौकटीला बांधला, म्हणजे ओढ पत्र्यावर येत नाही. बाकी गाडी उघडीच. रंगावर काहीही नाही. साइड कर्टन फ्लॅनेलमध्ये गुंडाळून बोलेरोत. डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी, खालून मोकळी, आत घाम धरायला नको म्हणून. बॅटरीची वायर काढलेली. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, आणि ती विसरू नये म्हणून तिला लाल फीत बांधून स्टिअरिंगला दुसरी लाल फीत.

तोंड पुढे करण्यात एक धोका आहे तो सांगायला हवा. टीडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर आहेत, पुढून उघडतात. कडी नीट लागली नसेल तर समोरचा वारा दार पकडून उघडतो आणि मागे फेकतो. उलट्या प्रवासात तोच वारा दार बंद ठेवत होता. त्या दिवशी एवढी एकच गोष्ट आपल्या बाजूने होती. या वेळी दोन्ही दारांच्या आतल्या कड्यांमधून सुती पट्टा घालून ती एकमेकांना बांधली.

ट्रेलरच्या मधल्या मोकळ्या जागेत बारा एमएमचं प्लाय टाकलं, बोलेरोला मागे लांब मडफ्लॅप लावले. पुढून उडणाऱ्या खड्यांसाठी ट्रेलरच्या पुढच्या चौकटीवर काहीतरी ताणायचं होतं. दादाने कुठून तरी एक फ्लेक्स आणला. कुणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा, आठ फुटांचा, शुभेच्छुकांच्या तीस छोट्या फोटोंसह. छापील बाजू आत, म्हणजे गाडीकडे. दोन लोखंडी अँगलमध्ये इतका ताणला की बोटाने वाजवला तर डफासारखा वाजे. तो ट्रेलरला बांधलेला, गाडीपासून दीड फूट लांब, त्यामुळे फडफडला तरी घासणार काही नाही.

सकाळी सहाला निघालो. मी बोलेरोतच होतो. वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणले, कारण नवीन पट्टे पहिल्या अर्ध्या तासात बसतात. खंबाटकीचा घाट चढताना धुकं. साताऱ्यापासून कराडपर्यंत सरळ, दमदार पाऊस, वळवासारखा आडवा नाही पण तासभर न थांबलेला. वेग साठच्या वर जाऊ दिला नाही. ड्रायव्हर कंटाळला होता. ट्रेलर शेपूट हलवत नाही, हे त्याने मात्र आपणहून सांगितलं. आधीच्या वेळी सत्तरला तो डुलत होता, इंजिनाचं वजन मागे पडल्यामुळे.

कोल्हापुरात मैदानावर उतरवली, चिंधी काढली, वायर लावली. दुसऱ्या झटक्यात इंजिन चालू. मामांनी पेडलखाली हात घातला आणि ओला बाहेर काढला. ब्रेक पेडलच्या भोकातून आलेलं पाणी, वाटीभर असेल. तिथे रबराचा पडदा लावायचा राहून गेला होता. सीट कोरडी, गालिचा सीटखाली कोरडा. मामा गाडी स्वतः चालवत बोळात घेऊन गेले आणि वाड्यात शिरण्याआधी दोन वेळा ब्रेक दाबून चाकं सुकवून घेतली. हँडब्रेक लावला नाही, चाकाला वीट लावली.

मी आणि दादा मागे राहून ट्रेलरवरचा फ्लेक्स सोडत होतो. बाहेरची पांढरी बाजू चिखलाने तपकिरी झालेली. आतली बाजू उन्हात धरली तर खड्यांची भोकं चांदण्यांसारखी दिसली. सतरा मोजली. त्यातली दोन डाव्या हेडलाइटच्या बरोबर समोर होती आणि एक नेत्याच्या चष्म्यात.